दुसरी सीडी

दारव्ह्याच्या बाजारात, लसणाच्या ढिगाशेजारी
ताडपत्रीवर मांडलेल्या सीड्यांत तो सापडला.
कव्हरवर फोटो दुसऱ्याच पिक्चरचा,
नाव मात्र तेच : ‘चौकी नंबर सात’.
विकणारा पोरगा म्हणाला, ताई, हा कोणीच मागत नाही,
वीसचे पंधरा द्या.

शहात्तर साली टुरिंग टॉकीजवाल्यांनी
जिनिंगमागच्या पडीत कनात लावली
तेव्हा जिनिंग जळून चाळीसच दिवस झाले होते.
गोधड्यांना अजून रुईच्या धुराचा वास होता.
बाबा तिथले रात्रीचे चौकीदार.
पोलिसांनी दोनदा नेले, दोनदा सोडले.
गिरणीवर आमचा डबा
सगळ्यांच्या मागून आला तरी चालेल असा झाला होता.

आणि पिक्चरमध्येही चौकीदारच निघावा!
गोदाम पेटते. साहेब विचारतो, तू कुठे होतास?
पडद्यावरचा माणूस आपल्या टोपीकडे पाहतो.
मी बायकांच्या बाजूला, आईच्या मांडीशी,
कनातीच्या फटीतून बाबांची पाठ बघत होते.
पोत्यावर बसलेली, बाकीच्यांपासून
दीड पोते लांब.

मग पडदा पांढरा झाला.
शेवटची पेटी कारंज्याच्या स्टँडवर उतरलीच नव्हती,
एस.टी. तिला घेऊन कुठे गेली देव जाणे.
शिट्ट्या झाल्या, पंचाहत्तर पैसे परत मागून झाले,
तेव्हा ऑपरेटर डोमाजी खंडाते
मशीन सोडून पडद्यापुढे आला, खुर्चीवर चढला,
आणि हात हलवत, घाम पुसत, शेवट सांगू लागला :
“चौकीदार बेकसूर होता गड्यांनो!
मालकानंच लावली आग, विम्याच्या पैशापायी.
अन् कोर्टात साऱ्या गावानं उभं राहून
त्याले राम राम केला.”
उजेडात त्याची सावली पडद्यावर
एवढी मोठी, की खोटे बोलेल असे वाटेना.

दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याने
आमचा डबा हाताने पुढे ओढला.

आता बाबांच्या डोळ्यांत सारा दुधाळ उजेड.
टीव्हीपासून हातभर अंतरावर, खाटेवर.
पहिली सीडी संपली, दुसरी घातली,
आणि डोमाजीने न दाखवलेली अकरा मिनिटे
माझ्यासमोर सुरू झाली.
चौकीदार कंदील उचलतो.
दोनशे रुपये कमरेला खोचतो.
गठ्ठ्यांच्या गल्लीत वाकतो.
तोच होता.

मी रिमोट शोधला. आवाज बारीक केला.
“मालक येतो बाबा,” मी म्हणाले,
“हातात रॉकेलचा डबा आहे.”
पडद्यावर चौकीदाराचा चेहरा पेटला होता.
“आता कोर्ट. सगळे उभे राहिले.”

“आवाज कायले कमी केला?”
बाबा टीव्हीकडेच पाहत होते.
“मले मालूम हाय. त्यानंच लावली.
डोमाजीनं सांगतलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी
यवतमाळले जाऊन पाह्यला होता मी.
एकटाच. मॅटिनी.”

तीस वर्षे.
दर पोळ्याला डोमाजीच्या घरी करंज्या न्यायचे,
गेला तेव्हा तिरडीचा पुढचा बांबू धरला.
“त्याले सांगतलं नाही कधी?”
“काय सांगू? एवढं खुर्चीवर चढून
बोलला थो माणूस.”

यापुढचा एक प्रश्न
माझ्या जिभेवर आला, आणि बाबांनाही
तो येताना ऐकू गेला असावा;
त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसले, जरा जास्तच वेळ.

तेवढ्यात सीडी अडकली.
आरोपीच्या चेहऱ्याचे चौकोन झाले,
हिरवे, जांभळे, एकमेकांत सरकणारे.
मी ती काढली. गरम होती.
पदराने पुसू लागले तर बाबा म्हणाले,
“गोल नको फिरवू. मधातून बाहेर पूस.
हलक्या हातानं.
अन् लाव पुन्हा, सुरूपासून.”